शेपूट गळणारा कुत्रा

नाही, पण मला एक सांगा, शेपूट गळतं हे तिला कळलं कसं? कॅलेंडरच्या खिडकीतून निघालेली पुडी अजून माझ्या हातात, फोडलेलीसुद्धा नाही, आत काय आहे ते एक देवाला ठाऊक नि एक कारखान्याला, आणि माझी लेक दारिया समोर मांडी घालून बसलेली, शांतपणे मला म्हणते, "बाबा, जपून हं, या कुत्र्याचं शेपूट गळतं." कुठल्या कुत्र्याचं? कुठे आहे कुत्रा? मी पुडी फोडली… कुत्रा! ठोकळे जोडले… शेपूट गळलं! अहो, सात वर्षांची आहे ती, सात!

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला जो धक्का बसला ना, तो माझ्या बायकोने, जनेलने, घटस्फोटाचे कागद पुढे सरकवले तेव्हाही बसला नव्हता. तेव्हा निदान अंदाज तरी होता!

हे कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नव्हे हं, नाताळच्या महिन्याचं, खोक्याचं. रोज एक कागदी खिडकी फोडायची, आत चिमूटभर ठोकळे, ते एकमेकांत बसवले की कधी घसरगाडी होते, कधी दिव्याचा खांब. वस्तू म्हणाल तर गालिच्यात हरवून पायाला टोचण्याइतकी! पण माझं सगळं त्या खोक्यावर होतं हो. कारण दारिया अर्धा आठवडा माझ्याकडे, अर्धा आईकडे, आणि आईकडे कोण? गॅरेट. जनेलचा नवा नवरा. गॅरेटकडे शेकोटी, गॅरेटकडे छताला टेकणारं झाड, गॅरेट मागच्या अंगणात पाणी ओतून पोरीला स्केटिंगला बर्फ करून देतो! माझ्याकडे काय? कपडे धुण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि खोकणारा हीटर. मग एक तरी गोष्ट माझी असावी की नको? म्हणून पोरीला म्हटलं, "हे फक्त आपलं दोघांचं. आईच्या घरी बोलायचं नाही. तू तिकडे असताना मी एकही खिडकी उघडणार नाही, आलीस की राहिलेल्या सगळ्या एकदम." तिने करंगळीत करंगळी अडकवली. वचन!

आणि काय खूश व्हायची! घसरगाडी निघाली… "अय्या, बाबा!" खांब निघाला… टाळ्या! एकदा नुसतं बर्फ उपसायचं फावडं निघालं, अहो, फावडं! कॅनडात, आमच्या विनिपेगमध्ये, फावड्याचं कुणाला कौतुक? रोज सकाळी गाडी बाहेर काढायला तेच तर करतो आम्ही! पण ही गालांवर हात ठेवून, डोळे एवढाले करून, "फावडंऽऽ!" दुसऱ्या दिवशी कामावर बसच्या पोटाखाली पाना घेऊन आडवा पडलेलो असताना ते 'फावडं' आठवून मी एकटाच हसत होतो. आणि ते नाटक होतं! सात वर्षांची!

"दारिया," मी म्हटलं, "हा कुत्रा तू आधी कुठे पाहिलास?"

"सांगता येणार नाही."

"का?"

"मी वचन दिलंय."

"कुणाला?"

"तेही त्याच वचनात आहे."

घ्या! वकील झाली पोरगी!

रविवारी तिला सोडायला गेलो. बाहेर उणे तीस, भुवयांवर बर्फ, दार उघडलं गॅरेटने, पायात लोकरी मोजे, हातात कोको, "या ना ओरेस्ट, आत या, गोठाल!" आणि त्याच्या खांद्यावरून मला शेकोटीवरची फळी दिसली. घसरगाडी. खांब. फावडं. आणि कुत्रा… शेपूट डिंकाने चिकटवलेलं!

"हे काय आहे?" मी ओरडलो.

गॅरेटचा चेहरा पांढराफटक. "तिने सांगितलं तुम्हाला? पण ते कॅलेंडर तर आमचं दोघांचं… मीच म्हटलं होतं, बाबाकडे बोलू नकोस. अहो ओरेस्ट, नाक तुमचं, हसू तुमचं, आडनाव तुमचं. त्या पोरीत माझं काय आहे? वाटलं, एक तरी गोष्ट…"

अहो, ते माझं वाक्य होतं! माझं! मी भांडायला तोंड उघडलं आणि समोरचा माझंच वाक्य बोलून बसला, आता भांडू कशावर?

मग तो हळूच म्हणाला, "पण परवा बर्फाचा माणूस निघाला तेव्हा किती किंचाळली…"

"तो माझ्याकडे आधीच निघाला होता."

गॅरेट जोडे काढायच्या बाकावर मटकन बसला. "उड्या मारल्या हो तिने."

"माझ्याकडे फावड्याला मारल्या."

लक्षात आलं ना? जी खिडकी माझ्याकडे आधी, तिचं नाटक गॅरेटकडे, जी गॅरेटकडे आधी, तिचं माझ्याकडे! सात वर्षांची!

तेवढ्यात आतून जनेल आली. "आधी दार लावा, घर थंड पडतंय! आणि अशी तोंडं काय करून बसलात? मला तर पहिल्यापासून माहीत होतं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"मलाही तिने वचनात अडकवलं होतं."

म्हणजे बघा! या घरात शब्दाला जागली नाही अशी एक व्यक्ती दाखवा! आणि फसलं कोण? आम्ही दोघं!

शेवटी पोरीला समोर बसवलं, म्हटलं, आजपासून खोटं खोटं चकित व्हायचं नाही. "बरं," म्हणाली. "तुम्ही खूश व्हायचात, म्हणून करत होते."

पुढच्या खेपेला माझ्याकडे आली. खिडकी उघडली. ठोकळे जोडले. "पक्षी," म्हणाली आणि बाजूला ठेवला. पुढची. "चूल." पुढची. "टोपी." अहो, दवाखान्यात नाव पुकारतात तेसुद्धा जरा प्रेमाने पुकारतात! मला बघवेना. म्हटलं, "अगं, जरा तरी…"

"तूच नको म्हणालास ना?"

त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून गॅरेटला फोन केला. "तुझ्याकडेही?"

"माझ्याकडे झाड निघालं," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "'हो, झाड,' म्हणाली रे. नुसतं 'हो, झाड'!"

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी पेरोगींचं, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, पातेलं घेऊन त्यांच्याकडे गेलो. बोलावलं होतं, हं! टेबलावर दोन्ही खोकी शेजारी शेजारी, दोन्हींची शेवटची खिडकी बंद. आत सांता आहे हे जगाला माहीत, खोक्यावरच हातभर चित्र आहे त्याचं! पोरगी खुर्चीवर चढून बसली. "आज तुम्ही दोघं उघडा. मी बघते."

आणि तुम्हाला सांगतो, बसचं इंजिन उतरवणारा मी माणूस, गालांवर हात ठेवून, डोळे एवढाले करून, "सांताऽऽ!" गॅरेटही शेजारून, "अरे वा, सांता!" जनेल पेरोगी वाढायची थांबून बघतच राहिली.

दारियाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, नीट विचार केला आणि म्हणाली, "बाबा, तुझं खरं वाटलं. गॅरेट, तुला अजून थोडा सराव लागेल."

आणि माझी लाज बघा… मी जिंकलो म्हणून खूश झालो!