नव्वद हजारांची पंगत

...नाही, पण नव्वद हजार? तुम्हाला सांगतो, आमच्या अख्ख्या बेटावर कोंबड्या धरून मोजलं तरी एवढे जीव भरायचे नाहीत, आणि आमच्या मेरेवाईच्या मागे म्हणे नव्वद हजार माणसं! मेरेवाई म्हणजे माझी भाची, तिकडे राजधानीत, सुवाला असते, फोनसमोर ओठ रंगवते आणि तेवढ्यावर प्रसिद्ध आहे. वादळापासून माझ्या पाहुण्यांच्या तिन्ही झोपड्या ओस, बायको म्हणते विकून टाका, तेवढ्यात ही उगवली. "मामा, मला आठवडाभर फुकट ठेव. मी जाहीर करते, शनिवारी मामाकडे जेवण. झोपड्या भरल्या नाहीत तर नाव बदलेन." म्हटलं, किती येतील गं? "अरे, हजारात एक धर. तरी नव्वद!"

झालं. आता पाहुणे येणार म्हटल्यावर ते माझ्या एकट्याचे राहतात का? गावाचे होतात. आमचे प्रमुख, रातू सेमेसा, त्यांनी हुकूम सोडला. तीन डुकरं पडली, मांस भाजायच्या खड्ड्यात दगड तापले, अळूचे कंद टोपल्यांनी आले, बायकांनी चटया अंथरल्या, चर्चच्या गायकांनी स्वागतगीत बसवलं... आणि बोट आली. उतरला कोण? बोटवाला. डिझेलचा रिकामा डबा घेऊन.

मी मेरेवाईकडे बघतोय. नव्वद हजार कुठायत गं? तर रडत म्हणते, "मामा, ते विकत घेतलेत." विकत? माणसं? "माणसं नाहीत रे, नुसती नावं. सगळेच घेतात." सगळेच घेतात! गावाला काय तोंड दाखवू?

रातू म्हणाले, "खड्डा उघडलाय. आता कुणीतरी जेवलंच पाहिजे." आणि बोलावलं कुणाला? खाडीपलीकडच्या गावाला! रग्बीच्या एका सामन्यावरून दोन वर्षं आमचं त्यांच्याशी बोलणं नाही. पण आले की हो... साठ जण, होड्या भरभरून, गात, नाचत. पोटभर जेवले, गळ्यात पडून रडले. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. मेरेवाईनं सगळं फोनवर टिपलं आणि टाकलं. म्हटलं, मरू देत ते नव्वद हजार, ही साठ तर हाडामांसाची आहेत ना, आता झोपड्या भरणार.

सकाळी बघतो तर व्हिडिओखाली पहिलीच प्रतिक्रिया. "किती खोटं! भाड्याची गर्दी लगेच ओळखू येते." आणि तिला चार हजार लाइक.

मी मेरेवाईला विचारलं, हे तरी विकतचे आहेत का गं?

"नाही मामा, हे खरे आहेत."