बोटभर जाडीची होडी

...आणि मी म्हणते, 'बुडेल' हे काय माणसाला भेटल्याभेटल्या म्हणायचं असतं? पण कालव्याकाठच्या आमच्या अख्ख्या स्नेक गावाचं तेच! पाववाला साखरपाव बांधता बांधता, "काय येल्त्ये, काँक्रीटची होडी करतेस म्हणे? बुडेल हं!" पाद्रीबाबा, "देव सांभाळेल गं... पण बुडेल!" आणि आमचे बाबा? तुम्हाला सांगते, पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्या होड्या करणारं घराणं, त्यांच्यापुढे काँक्रीट म्हणजे शिवीच! मी म्हटलं, "बाबा, समोरच्या घरनौकांची बुडं काँक्रीटचीच ना?" तर म्हणतात, "ती घरं! घराला कुठे पळायचं असतं? तुझी बुडेल. आणि बुडाली, तर ते इंजिनिअरिंग बास, मुकाट्याने माझ्या कारखान्यात रंधा धरायचा!" झालं! शर्यत इंजिनिअरिंग कॉलेजांची, काँक्रीटच्याच होड्यांची, आणि पणाला कोण? मी!

अहो, काँक्रीट दाबा कितीही, हूं की चूं करत नाही. पण ताणलं, की बिस्किटासारखं मोडतं. म्हणून त्याच्या पोटात तारेची जाळी! दाब एकाने सोसायचा, ताण दुसऱ्याने... संसारच की तो!

तर शर्यतीचा दिवस. बाबा काठावर हाताची घडी घालून, आई कॉफीचा थर्मास घेऊन. मी आणि माझा वर्गमित्र बौके वल्हवतोय, सगळ्यांच्या पुढे, आणि ऐन वळणावर मागची होडी येऊन आमच्या कुशीत... धाड्‌! तडा गेला हो, तडा! काठावर एकच गलका, "बुडेल! बुडेल!" बौके ओरडतोय, "येल्त्ये, पाणी!" मी ओरडतेय, "जाळी धरेल रे, तू वल्हव!" आणि धरली! पाणी पाझरतंय, बसायची जागा ओलीचिंब, पण जाळीनं एक तुकडा सोडला नाही, आणि आम्ही पहिले! पहिले!! मी हसत होते की रडत होते, देव जाणे!

बाबा आले. बोटाच्या पेरानं होडी टकटक वाजवली, तडा चाचपला. म्हणाले, "लाकूड असतं, तर फळी गेली असती." बास! आमच्या बाबांच्या तोंडून हे! मला तर चषकसुद्धा नको वाटला.

इथेच थांबावं की नाही माणसानं? पण नाही! संध्याकाळपर्यंत गावभर, "आमच्या पोरीची होडी! बुडतच नाही!" आता पाववाल्याला हवी, पाद्रीबाबांना हवी, आणि बाबा सगळ्यांना सांगतात, "शनिवारी या की. पोरगी असते कारखान्यात!"

असते ना! कोपरापर्यंत काँक्रीटमध्ये... होडी नाही बुडाली हो. माझे शनिवार बुडाले.