धुरपताबाईची छत्री

डिश दुरुस्त करणारा योगराज देवरीच्या बसमध्ये बसला होता. एकाच घरी ही चौथी खेप. त्याच घरची धुरपताबाई मागच्या सीटवर, पुढे तो बसलाय हे न कळता, मैत्रिणीशी बोलत होती.

"टीव्ही अखीन बिघडला का वो?"

"बिघडते कायले? मीच काठीनं डिशची छत्री ढोसतो."

"काऊन वो बाई?"

"सिरियल लागली का सून मुकी होते. टीव्ही बंद पडला का मायासंगं वड्या घालते, हासते."

"अन् मेकॅनिक?"

"भला पोट्टा हाये. पण डोस्कं नाही."

दोघं एकाच थांब्यावर उतरली. त्याला पाहून धुरपताबाईचा चेहरा पडला.

योगराजनं छत्री सरळ केली. चित्र आलं.

"आता नाही ना बिघडणार, भाऊ?" सुनेनं विचारलं.

"भरोसा नाही, वहिनी. इकडं वारा लय हाये."