वरचा बीमा

—नाई नाई, बस ना देवानंद, चपला कावून घालून राहिला? काकूनं चहा ठेवला आहे. एजन्सी घेऊ का नको, एवढंच इचाराले तू सकाळी सकाळी सायकल दामटत आला, अन् हा मारोतराव गावभरच्या गोष्टी सांगून राहिला, असं वाटते ना तुले? वाटू दे. मले आज वेळ आहे. म्हंजे जायचं आहे एका घरी, पन अजून निरोप पोचला नसन तिथं. निरोपाच्या आधी मी गेलो तं बरं दिसत नाई. तोवर तुले सांगतो, खरं खरं सांगतो, मंग तू तुह्या मनानं ठरव.

काय असते हा धंदा? काहीच नाई — जिभेचा धंदा. कंपनीचा बीमा असते तो असतेच, आपला त्याच्यावरचा. पोळीवर तूप. असंच सांगजो लोकाईले, तूप म्हन, मरन म्हनजो नको. या भिलाईत माहे केस पिकले, पन गिऱ्हाइकाच्या घरात तो शब्द मी काढला नाई. 'काही कमीजास्त झालं तं' — बस, एवढंच. तेही बाईकडे पाहून म्हनायचं नाई, लेकराकडे पाहून तं नाईच नाई, खिडकीकडे पाहून म्हनायचं. नाई तं मानूस म्हनते, शुभ बोल रे नाऱ्या — अन् हात जोडून उठून जाते. तुले जमन. बी.कॉम. झाला, बोलनं गोड आहे, तोंडावर गरिबी आहे पन लाचारी नाई. मी पाहूनच ओळखतो.

तेजरामनंच पाठवलं ना तुले? मले माहीत आहे. तुह्या त्या फौंड्रीतल्या भावाकडे दोनदा गेलतो मी. तिथल्या समद्याईचा बीमा झाला, त्याचा दोस्त भैयालाल, त्यानं तं पहिल्याच बारी घेतला — हाच एक राहिला. दोन्ही बारी हसला लेकाचा. म्हने, काका, माहा भाऊ एजंट होनार आहे, पहिला बीमा मी त्याच्याच हातचा घेईन, तुमाले कायले कमिशन देऊ? अन् म्हने, याचा जम बसला का मी ते भट्टीचं काम सोडतो, कुरुद गावाले भाजीची वाडी करतो. तुही वहिनी रुक्मा तिथंच उभी होती, पदरात तोंड लपवून हसून राहिली होती. सोन्यासारखा भाऊ आहे तुहा. तुले शिकवाले त्यानं सोताचं अंग भाजून घेतलं, इसरजो नको. म्हून म्हनतो, घे एजन्सी. आजच घे. पहिलं नाव तेजरामचं टाक, अन् काढ त्याले तिथून.

पन एक गोष्ट आहे, तेही सांगून ठेवतो, नाई तं मागून म्हनशील काकानं फसवलं. ही बॅग पाहून राहिला? काळी, रेक्झिनची? कोनाच्या घरी कमीजास्त झालं का मी हीच घेऊन जातो. आता लोकाईच्या डोक्यात बसलं — बॅग आली म्हंजे मानूस गेला. पोळ्याच्या दिवशी मी सहज निघालो रस्त्यानं, एक बाई फाटकात उभी, नवरा ड्यूटीवर — मले पाहून मटकन खालीच बसली ते! मी म्हनलं, अवो बाई, मी भाजी आनाले निघालो! आयकते कोन? तुह्या सिंधूकाकूले हळदीकुंकवाचं बोलावनं येत नाई आता. ती काही म्हनत नाई. संक्रांतीले वान आनते हौसेनं, अन् मंग मोलकरनीले देऊन टाकते समदं. — सिंधू, आनतेस ना वो चहा? — नाई आयकत ती. तिचंही बरोबर आहे.

अन् दुसरी गोष्ट याहून मोठी. बिल्ला. फौंड्रीच्या फाटकावर प्रत्येकाच्या नंबरचा पितळी बिल्ला असते ना — आत जातानी खिळ्यावरून काढायचा, निघतानी टांगायचा. आता पोळा झाला, तीजा आली, म्हंजे आपली हरतालिका. इथल्या छत्तीसगडी लोकाईत भावाले बहिनीच्या सासरी जावंच लागते, तीजाले तिले माहेरी आनलीच पाहिजे, नाई तं ती दाराकडे पाहून पाहून रडते. अन् सुट्टी कोन देते? मंग दोस्ताले म्हनतात, आजची रात माह्या बिल्ल्यावर तू जा. कोनी नाई म्हनत नाई. बहिनीच्या कामाले नाई कसं म्हनायचं? फौंड्रीतला एक सुखराम असाच गेलता, तू लहान होता तेव्हा. दुसऱ्याच्या बिल्ल्यावर. लोखंडाचा उकळता रस उलटला — तोंड ओळखू येत नाई बाबू मानसाचं. बिल्ल्यावरून नाव काढलं अन् निरोप गेला त्या दुसऱ्याच्या घरी. तिथल्या बाईनं बांगड्या फोडल्या. सुखरामची बायको तिले पोटाशी धरून बसली होती, पानी पाजून राहिली होती — अन् तिकडून हा जित्ता मानूस बहिनीले सायकलवर डबलशीट घेऊन आला! बाया किंचाळल्या. अन् त्या पानी पाजनारीच्या हातातला गिलास... जाऊ दे. सुखरामचा वरचा बीमा माह्याकडेच होता. भेटला का? कसा भेटन? सुखराम तं त्या राती कामावर नव्हताच, त्याचा बिल्ला खिळ्यावर लटकून होता. तेव्हापासून मी पहिले हेच इचारतो, बिल्ला सोताचाच वापरशील ना बापा? हसतात समदे.

तू कावून असा पाहून राहिला? बरं नाई वाटत का?

आता तिसरं, अन् हे कोनापाशी बोलजो नको. फौंड्रीच्या फाटकावर धोंडबा चौकीदार असते, तो मले आधी सांगते. घरच्याईच्या आधी. काही वाईट नाई त्याच्यात — दिवाळीले त्याच्या लेकराईले मी कपडे घेतो, तो मले आवाज देते. जो पहिले पोचला, ज्यानं तिरडीले खांदा देला, त्यालेच गल्ली ओळखते. तेरवीपर्यंत शेजारपाजारचे सोताहून बोलावतात, या मारोतराव, बसा. एक घर जळलं का बाजूचा पानी भरून ठेवते. — तोंड वाकडं कावून केलं? पाप वाटते? मलेही वाटलं असतं तुह्या वयात. ज्याचं पोट त्याले कळते.

चाल, ऊठ. आज माह्यासंगंच चाल, डोळ्यानं पाहून घे अन् मंग ठरव. सकाळीच धोंडबा सांगून गेला — रातपाळी सुटता सुटता भट्टीपाशी झालं काहीतरी, एकाचा बिल्ला खिळ्यावर परत आला नाई. आता पोचला असन निरोप. ही बॅग तू घे. अशी नाई, पट्टा छातीवरून घे, आडवा. हं. शोभते तुले! तिथं बोलायचं काही नाई, नुसतं उभं राह्यचं. बाई रडली तं जमिनीकडे पाह्यजो. तेजरामही येईनच तिथं, दोस्तच होता त्याचा. कोन म्हंजे? अरे, भैयालाल.

काय म्हनलं?

भैयालाल गावाले गेला? कवा? काल सांजच्या बसनं, बहिनीले आनाले? कोनी सांगितलं तुले? तेजरामनं? नाई बाबू, तू चुकून राहिला. धोंडबानं नंबर सांगितला मले, भैयालालचाच नंबर. भैयालाल गावाले असन तं काल राती त्याच्या बिल्ल्यावर कोन—

तेजरामची तं दिवसपाळी होती ना? होती ना? बोल ना बे! रातच्याले घरी झोपला होता का नाई तो?

देवानंद. बस. तू बस इथं, मी पाहून येतो, चुकलं असन काही, कोनी भलत्याच खिळ्यावर टांगला असन — सिंधू, बाहेर ये वो! — अरे थांब! चपला तं घाल! देवानंद! बॅग — बॅग काढून जा बाबू, ती बॅग काढ आंगावरची! रुक्मा फाटकात उभी असन, त्याची वाट पाहून राहिली असन, ती तुले तसं पाहीन—