कबनूरचे माग आणि आमचं जहाज

माझं लग्न कसं जमलं ते विचारताय, तर ऐका. मी सरकारी कंपनीच्या जहाजावर असतो. मामांना घेऊन कबनूरला मुलगी बघायला गेलतो. मुलीच्या वडलांचे यंत्रमाग. पोहे झाल्यावर त्यांनी विचारलं, "पावणं, जहाज कुठल्या कुठल्या देशात जातंय?"

"परदेशात न्हाय जात. समुद्रात तेलाच्या विहिरी हायत. तिथं डिझेल, पाणी, भाजी पोचवतो आणि माघारी येतो."

"म्हणजे टेम्पो."

मामा खाली बघायला लागले. स्थळ गेलं असं मी धरूनच चाललो, पण खोटं कशाला बोलू? म्हटलं, "व्हय, तसंच. मालाचं एखादं जहाज वाटेत बंद पडलं, तर ते बी बंदरापर्यंत ओढून आणतो."

मुलीचे वडील म्हणाले, "माझे नवे माग परदेशातनं येताना जहाज असंच बंद पडलेलं. माग बुडालेच असं समजून मी जेवण सोडलेलं. कुणीतरी ओढून मुंबईला आणलं. तुम्ही होता काय?"

"मी नव्हतो. आमच्यातलंच कोणतरी असंल."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि शेजारी बसलेल्या मुलीला म्हणाले, "माझी ना न्हाय. तुला काय विचारायचंय ते विचार."

तिनं विचारलं, "समुद्रात फोनला रेंज असती?"

"न्हाय."

"म्हणजे दिवसातनं धा वेळा फोन करून ताप देणार न्हाय. मग माझी बी हरकत न्हाय."