दौलतरावांचं हवाबंद खुराडं

...आणि वर लोक म्हणणार, दौलतरावांनीच कोंबड्यांचे डोळे बिघडवले! अहो, तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं डिझेलच्या टाक्या पाण्यात बुडवून नुसते बुडबुडे शोधले, बुडबुडा दिसला की टाकी बाद, त्यानं चऱ्होलीत घरामागं खुराडं बांधलं तर ते कसं बांधणार? पॅकिंगच्या लाकडी पेट्या आणल्या, फटीफटीत सिलिकॉन भरलं, दाराला रबर लावलं. मुंगी शिरायची सोय नाही. सांगा, माणसाचं काय चुकलं?

बरं, कोंबड्या कुणाच्या, तर आईच्या. भिमाबाई बीडहून आल्या त्याच मुळी काबरी कोंबडी मांडीवर घेऊन, मागून चार आणखी घेतल्या. आठव्या दिवशी काबरीचा डोळा सुजला, पाणी वाहायला लागलं. भिमाबाईंनी एकच सांगितलं, "दौलत, हिचा डोळा गेला तर म्या चालले बीडला. मागनं फोन करायचा न्हाई." बारा वर्षं मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठं आई राहायला आलेली हो... माणूस हबकलाच.

मग कोमट मिठाचं पाणी, कापूस, डोळा पुसणं, भिंतीवर चेकशीट: उघडा, अर्धा, बंद. गंमत बघा, दिवसभर अंगणात असली की डोळा उघडा, संध्याकाळी खुराड्यात कोंडली की सकाळी बंद. कंपनीतला बुद्धरत्न जेवणाच्या सुट्टीत म्हणतो, "राव, वारं लागतंय तिला. कुठंतरी फट राहिली असणार." फट? दौलतरावांच्या कामात? आजवर सायबाची टाप नव्हती असं बोलायची. घरी आले, उदबत्ती पेटवली आणि खुराड्याला प्रदक्षिणा घालत बसले, धूर कुठं ओढला जातोय ते बघत. सापडली, सुईएवढी. बुजवली. दुसऱ्या दिवशी तीन कोंबड्यांचे डोळे बंद. मग आतून प्लास्टिक ठोकलं. पाचही बंद... एक तर दाण्यांऐवजी दौलतरावांच्या चपलेलाच टोचा मारतेय. सांगा, माणसाचं काय चुकलं?

शेवटी जनावरांच्या डॉक्टर साधना मॅडमना बोलावलं. त्यांनी दार उघडलं, डोकं आत घातलं, आणि बाहेर आल्या त्या पदरानं डोळे पुसत, शिंकत, खोकत. दौलतराव म्हणतात, "मॅडम, एक फट नाही बघा कुठं." मॅडम म्हणाल्या, "तेच तर. खाली भुसा ओला, त्यावर पंधरवड्याची घाण, आणि वास जायला जागा नाही. डोळे झोंबणार नाहीत तर काय होईल? औषध देते, पण आधी भुसा बदला आणि वरच्या बाजूला भोकं पाडा."

"किती?"

"भरपूर."

तुम्हाला सांगतो, दौलतराव ड्रिल घेऊन उभे राहिले तर हात चालेना. भोक दिसलं की लाल खूण मारायची, हेच आयुष्यभर केलेलं, आणि आता स्वतःच्या हातानं भोक पाडायचं? पहिलं पाडलं आणि खरंच रडले हो. भिमाबाई शेजारी उभ्या, काबरी काखेत, "आजून पाड." चाळीस पाडली. सुका भुसा, मलम, आठ दिवसांत काबरीनं दोन्ही डोळे टक्क उघडले. भिमाबाईंनी बांधलेली पिशवी सोडली. आई राहिली म्हणून दौलतरावांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले.

पण राहिली कुठं, ते विचारा. घराच्या खिडक्याही दौलतरावांनीच बसवलेल्या ना, धूळ नको म्हणून चहूबाजूंनी सिलिकॉन, आत झुळूक येईल तर शपथ. भिमाबाईंनी एकदा खुराड्याच्या भोकांपाशी हात धरला, गार लागलं, आणि खाटच उचलून तिकडं टाकली. "हितं जीव थाऱ्यावर राहतोय," म्हणाल्या. दौलतरावांनी लाख विनवलं, पण त्या काही हलल्या नाहीत.

आता पाहुणे येतात, म्हणतात, आई आल्यात ऐकलं, कुठं आहेत? तर दौलतराव मागच्या दाराकडं बघत सांगतात, "आहे ना. कोंबड्यांकडं राहते."