दोडक्याला टाच नसते

(आखाती देशातला वादी कबीर भाग. शाळेचा चित्रकलेचा वर्ग, मधली सुट्टी.)

अंतरा : ...आणि तेही सगळ्यांसमोर! "अंतरा, तुझ्या घोड्याचा मागचा पाय उलटा मोडलाय!" मागच्या बाकावरचा झैन अजून हसतोय. आणि तुझा पाय थेट फळ्यावर लावला सरांनी!

नूरैन : माझा नाय गो, घोड्याचा.

अंतरा : जोक नको मारूस! आर्टमध्ये पहिली मी येते, केजीपासून. लायब्ररीच्या भिंतीवरची घोडेस्वार मुलगी मीच रंगवणार होते. सरांनी चारशे वर्षांपूर्वीचे बरोक चित्रकार दाखवले ना, मोठ्या चित्राआधी नुसते पाय, नुसते खांदे, कातडीखालचे स्नायूसुद्धा काढून बघायचे ते? तेव्हापासून मी रोज स्केच करतेय, स्लाइडवरून हुबेहूब! तू कुठून काढलंस?

नूरैन : किचनमधून.

अंतरा : काय?

नूरैन : बकरी ईदला अब्बांनी बोकडाचा अख्खा मागचा पाय आणला, खुरासकट. दादी तो सिंकवर वाकवत होती. घोड्याचंही तसंच, तू ज्याला गुडघा समजलीस ना, ती टाच आहे. गुडघा वर, पोटाजवळ. मी म्हटलं, दादी, थांब, कापू नको. आणि काढत बसले.

अंतरा : ईदला तर मी आले होते तुमच्याकडे!

नूरैन : आलीस की. हॉलमध्ये बसून सरबत प्यायलीस.

अंतरा : मी सरबत पीत होते आणि आत टाच होती! हे चीटिंग आहे. आमच्या घरी दोडका कापतात. दोडक्याला टाच असते?

नूरैन : पण तुझ्या चित्रातल्या मुलीने लगाम कसा धरलाय बघ. बोटांत जोर दिसतो. माझ्या मुलीच्या हाताला पाच केळी लटकलीत.

अंतरा : सहा आहेत. मोज.

नूरैन : या अल्ला! बघ ना. म्हणूनच सरांना सकाळी सांगितलं, भिंत दोघींना द्या.

अंतरा : तू सांगितलंस?

नूरैन : तू रुसून बसली होतीस तेव्हा. सर म्हणाले, चालेल, त्या काळात पण एकाच चित्रात एक जण माणसं काढायचा, दुसरा जनावरं.

अंतरा : आणि खाली सही कोणाची?

नूरैन : जास्त फेमस असेल त्याची. तू कर ना. मला घोडा पुरे.

अंतरा : इतकं चांगलं नको ना वागूस, त्याचाच जास्त राग येतो. ही ओढणी धर. लगाम समज. घट्ट! अंगठा वर. हां, हलू नकोस.

नूरैन : माझा हात काढतेस?

अंतरा : मग काय, केळी काढू?

नूरैन : आणि सही?

अंतरा : ...आधी तू कर. फक्त माझ्यापेक्षा मोठी नको.